धुरळा थांबतो तिथे

आफ्रिकेतल्या एका अफाट गवताळ रानात ठिपकेदार रानकुत्र्यांची एक टोळी राहत असे. मुलांनो, आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांशी त्यांचे नाव सोडले तर फारसे काही जुळत नाही. कान वाटीसारखे गोल, आणि अंगावर काळा, पिवळा, पांढरा रंग कुणीतरी हात झटकून उडवल्यासारखा. शिकार सगळ्यांनी मिळून करायची आणि खायचे मात्र आधी पिल्लांनी, अशी त्यांची रीत होती.

या टोळीत एक मावशी होती. झेब्र्याच्या लाथेने तिचा मागचा पाय कायमचा अधू झाला होता. शिकारीवर जाता येत नसे, म्हणून धाकट्या बहिणीची पिल्ले राखण्याचे काम तिच्याकडे आले. टोळी निघाली की ती बिळाच्या तोंडाशी बसे आणि बाहेर डोकावणारे प्रत्येक नाक पंजाने आत ढकले.

त्या वर्षी रानात एक नवाच प्रकार सुरू झाला. बिळापाशी गाड्या येऊन थांबू लागल्या. वरचे छप्पर उघडे, त्यातून माणसे उभी, आणि प्रत्येकाच्या डोळ्याला एक काळे नळकांडे. नळकांडी पिल्लांकडे वळत, किड्यांसारखा खटखट आवाज होई, आणि थोड्या वेळाने गाड्या निघून जात. पहिल्या दिवशी मावशी पिल्लांना आत दामटून दारात आडवी पडली. पण कुणी खाली उतरले नाही. कुणी काही नेले नाही. तरीही जाताना सगळी माणसे पोट भरल्यासारखी खूश दिसत होती.

"यांनी खाल्लं तरी काय?" मावशी विचार करत राहिली.

थोड्याच दिवसांत टोळी शिकारीवर गेलेली पाहून एक तरस आला. मावशीने त्याच्या मानेला दात लावले, पण त्याने तिला एका हिसक्यात बाजूला फेकले आणि सर्वांत अशक्त पिल्लू उचलून नेले. पिल्लांची आई परतली. पिल्ले हुंगून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "ताई, एक कमी आहे."

मावशीने मान खाली घातली.

त्याच दिवशी टोळीने बीळ बदलले. वास मागे राहू नये म्हणून कोरड्या ओढ्यातल्या दगडांवरून, एकेक पिल्लू तोंडात धरून, ती सगळी पलीकडच्या काठावर गेली. पण शिकारीवरून परतणाऱ्या टोळीच्या मागोमाग गाड्या तिथेही पोहोचल्या. आणि गाड्यांच्या पाठोपाठ तरसाचा वास.

मावशीला काही उमगेना. तिने शेजारच्या जिराफाला विचारले, "गाड्या चांगल्या की वाईट?"

"चांगल्या," जिराफ वरूनच म्हणाला. "त्या उभ्या असल्या की सिंह लांब राहतो. माझं पोर गाड्यांच्या आडोशालाच वाढलं."

बाजूला माती उकरणारी रानडुकरीण म्हणाली, "चांगल्या कसल्या? माझी पोरं त्या आवाजाला घाबरून पळाली ती अजून परतली नाहीत. आणि थांबतात तर तुमच्यापाशी. आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही."

"आमच्यात असं काय आहे?"

"तुम्ही थोडेच उरला आहात," जिराफ म्हणाला. "माणसं तसं बोलतात."

"थोडे उरलो, तर बघायला यायचं?"

"ते मला नाही माहीत," म्हणून जिराफ पाला खाऊ लागला. मावशी आली होती त्याहून जास्त गोंधळून परत गेली.

एके दिवशी दुपारी तो तरस नव्या बिळापासून थोड्या अंतरावर येऊन बसला. उंच गवतात बिळाचे तोंड त्याला अजून दिसले नव्हते. मावशी गुरगुरत पुढे झाली. भीती होतीच, पण भीतीपेक्षा कोडे मोठे होते.

"आम्ही दगडांवरून आलो होतो," ती म्हणाली. "तुला सापडलो कसे?"

"वास काढायचं मी सोडून दिलंय. म्हातारा झालो आता," तरस म्हणाला. "टेकाडावर बसतो आणि गाड्यांचा धुरळा कुठे थांबतो ते बघतो. सिंहापाशी थांबला, तर उरलंसुरलं मिळतं. तुमच्यापाशी थांबला, तर कोवळं मिळतं."

"म्हणजे ती माणसं तुला सामील आहेत?"

"नाही गं. मी त्यांना दिसतसुद्धा नाही. ती सगळी तुमच्याकडे बघत असतात."

इतक्यात दुरून टोळीच्या हाका ऐकू आल्या. तरस उठला. "मला घाई नाही. नेमकं बीळ धुरळाच दाखवेल," म्हणत तो गवतात शिरला.

मावशीने बहिणीला सगळे सांगितले. बहीण म्हणाली, "मग पुन्हा हलू या."

"कुठेही गेलो तरी ती माणसं शोधत येणार. आपण आवडतो त्यांना."

"आवडतो, तर असं का करतात?"

मावशीच्या डोक्यातून मात्र धुरळा जाईना.

दुसऱ्या दिवशी टोळी शिकारीवर गेली आणि लांबून गाडीची घरघर ऐकू आली. मावशी उठली. पिल्लांना तिने अगदी खोल आत पाठवले. "मी हाक मारीपर्यंत हुं की चूं करायचं नाही," तिने बजावले. मग पिल्ले पदरात पडल्यापासून पहिल्यांदाच, टोळी घरी नसताना, ती बिळाला पाठ करून निघाली. लंगडत लंगडत ती बऱ्याच लांब, एका उघड्या वारुळापाशी गेली आणि त्यावर चढून सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. आपण शहाणपण करतो आहोत की पोरांना उघड्यावर टाकतो आहोत, हे तिला कळत नव्हते.

गाडी वळली आणि तिच्यापाशी थांबली. मागून आणखी एक आली. धुरळा वारुळाभोवती थांबला.

मावशीला माणसांची बोली येत नव्हती. आपल्याला येते, म्हणून सांगतो. पुढच्या गाडीत कोल्हापूरच्या कौमुदी राजोपाध्ये होत्या. दुर्मीळ रानकुत्र्यांचे फोटो काढायला त्या एवढ्या लांब आल्या होत्या. गाडी चालवणारा वाटाड्या होता बराका.

"ही एकटीच कशी इथे?" कौमुदीबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावत विचारले.

"कळत नाही. रोज बिळाच्या तोंडाशी असते," बराका म्हणाला. "तुम्हाला पिल्लं हवीत ना? हिला टिपून घ्या, मग तिकडे जाऊ."

तेवढ्यात गवत हलले. धुरळा पाहून तरस आला होता. त्याने वारुळाभोवती एक चक्कर मारली, हुंगले, उकरले. आत साध्या मुंग्याच होत्या.

"पिल्लं कुठे आहेत?" तो दात विचकत म्हणाला.

"शोध," मावशी म्हणाली.

तरसाने झेप घेतली. बिळाच्या दिशेने पळावे असे तिच्या अंगातले हाड न् हाड सांगत होते, पण ती उलट्या दिशेला वळली. तीन पायांवर किती पळणार? गाडीला वळसा घालून होतो न होतो तोच तरसाचा श्वास तिच्या शेपटीला लागला.

कौमुदीबाईंनी कॅमेरा खाली घेतला. नुसत्या डोळ्यांनी त्यांना आता सगळेच दिसले.

"बराका, हा आपल्या मागून आलाय का?"

"परवाही होता," बराका म्हणाला. " पहिल्या बिळापाशीही दिसला होता. माझं लक्ष कुत्र्यांकडेच होतं." त्याने इंजिन सुरू केले आणि गाडी जोरात पुढे घेतली. त्या आवाजाला दचकून तरस थबकला. तेवढ्या वेळात मावशी काटेरी झुडपात शिरली.

"पिल्लांकडे जायला नको," बाई म्हणाल्या.

"उद्या तुम्ही परत निघणार. पिल्लांचा फोटो राहून जाईल."

"राहू दे. आणि मागच्या गाडीलाही सांग."

बराकाने मागच्या गाडीलाच नव्हे, तर वायरलेसवरून सगळ्यांना सांगितले की पिल्ले मोठी होईपर्यंत ओढ्यापलीकडे कुणी जाऊ नये, तरस मागावर आहे.

ऊन कलल्यावर मावशी लांबच्या वाटेने, दगडांवरून बिळाशी आली. तिने हाक मारली. आतून एकेक नाक बाहेर आले. तिने सगळी पिल्ले हुंगली, पुन्हा हुंगली. एकही कमी नव्हते.

पुढच्या दिवशी ती परत वारुळावर जाऊन उभी राहिली. लांबून गाड्या दिसल्या, पण एकही वळली नाही. धुरळा सरळ निघून गेला तो सिंहांच्या बाजूला, आणि टेकाडावरचा तरस उठून त्याच्यामागे गेला. त्यानंतरही असेच होत राहिले. मावशी बराच वेळ उन्हात ताटकळे आणि परत येई.

"आपण आता त्यांना आवडेनासे झालो वाटतं," ती एकदा बहिणीला म्हणाली. तिला उगीचच थोडे वाईट वाटले होते.

"झालो असू. बरंच झालं," बहीण म्हणाली.

काल जीव टाकून बघणारी माणसे आज मान वळवूनही का बघत नाहीत, हे कोडे मावशीला शेवटपर्यंत सुटले नाही. मात्र गवत पिवळे पडले तेव्हा पिल्लांचे पाय लांब झाले होते, आणि एका सकाळी टोळीबरोबर पिल्लेही शिकारीवर निघाली. मावशी मोकळ्या बिळाच्या तोंडाशी बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

तात्पर्य : जे आपल्याला आवडते त्याच्याजवळ जाताना आपल्या मागून कोण येत आहे तेही पाहावे. कधी कधी न जाण्यातच खरी माया असते.