शाईचा डाग आणि ठकूबाई सुईण

राणीचे दिवस भरत आले होते, पण ठकूबाई सुईणीला महालात घ्यायला राजाच्या दरबारातला मानसपंडित तयार नव्हता. तो शाईचा डाग दाखवून माणसाचा स्वभाव सांगे. ठकूबाईला डागात फाटकी गोधडी दिसली, म्हणून ती निर्दयी ठरली.

ठकूबाई म्हणाली, "महाराज, तुम्ही आणि सगळा दरबार या डागात काय दिसतं ते चिठ्ठीवर लिहा. नावं नकोत."

चिठ्ठ्या वाचता वाचता पंडित गरजला, "ज्याला इथे विंचू दिसला तो घातकी आहे. त्याला हद्दपार करा."

"ती चिठ्ठी आमची," राजा म्हणाला. पंडिताने घाईघाईने डागाचा कागद गुंडाळला.

"पोट बघून मुलगा की मुलगी, हे मी कधी सांगत नाही; ते बाळ जन्मल्यावरच कळतं," ठकूबाई म्हणाली. "माझंही काम बघूनच ठरवा."

तिसऱ्या दिवशी महालात बाळ रडलं, ते ठकूबाईच्याच हातात.