पिंजऱ्यातली झीलकरीण

एका राज्यात सुरंगा नावाची गाणारी होती, आणि तिच्या मागे उभी राहून झील धरणारी धाकटी बहीण केवडा. सुरंगेनं ओळ टाकावी, केवड्यानं शेवटचा सूर उचलून लांबवावा. तेव्हा कुठे गाणं काळजात उतरे. वाहवा मात्र पुढचीला.

एका जत्रेत कपाली मांत्रिक सुरंगेपाशी आला.

"बाई, घरोघरी तुझंच गाणं गातील. बदल्यात मागची दे."

"झीलकरीण? न्या की. दुसरी मिळेल."

अगं, पाठची बहीण ती! वळून पाहिलंसुद्धा नाही. मांत्रिकानं चुटकी वाजवली. केवड्याची साळुंकी झाली, पिंजऱ्यात गेली.

मग काय विचारता! पाणवठ्यावर सुरंगा, गाडीवानाच्या तोंडी सुरंगा. राजानं तिला पालखीतून मिरवली. पण मागे कुणीही उभी करा, तिच्या कानाला गाणं अर्धंच लागे. केस पिकले, तेव्हा बाईसाहेब मांत्रिकाच्या दारी गेल्या.

"बहीण परत द्या."

"तीन कामं कर. दगडी हत्ती डोलव."

ती गायली. हत्ती डोलला.

"विझली दीपमाळ पेटव."

ती गायली. दीपमाळ पेटली.

"आता साळुंकी गाईल, तू झील धर. तिच्यावर सूर चढवलास, तर ती कायमची पाखरू."

साळुंकी गाऊ लागली आणि मध्येच अडखळली. ओळ हिसकून घ्यावी, असा सूर सुरंगेच्या गळ्याशी उसळला. तिनं ओठ चावला, रक्त आलं, पण थांबली. साळुंकीनं शब्द शोधला, ओळ पुरी केली. मग सुरंगेनं हळूच शेवट उचलला.

पिंजरा फुटला, मांत्रिकाची राख झाली. समोर केवडा उभी. तिचेही केस पांढरे.

"चल गं घरी. आता तू पुढे, मी मागे."

"अक्का, पिंजऱ्यातून तुझं गाणंन् गाणं ऐकलं. कधी माझ्यासाठी क्षणभर थांबलीस?"

केवड्यानं तिचा पुढे आलेला हात बाजूला सारला.

"मी गाईन. पण माझ्यामागे कुणी उभं राहायचं, ते मी ठरवीन. तू नाहीस."

आता त्या राज्यात केवडा गाते, राजाही मांडी घालून ऐकतो. मागे कुंभाराची सून झील धरते, फार गोड धरते. सुरंगा गर्दीत बसते. सूर उचलायची वेळ येते, सगळी सभा डोलते, आणि ती तोंड मिटून ऐकत राहते.