पाठीच्या मातीची कहाणी

ऐक तांबडे मातीमाये, तुझी कहाणी. वेळ पहाटेची. ठिकाण आटपाट नगराच्या वेशीजवळची तालीम. तिथं गोदाक्का वस्ताद मुलींना कुस्ती शिकवीत. त्यांच्याकडे चंद्री होती. सुली तिची जोड, म्हणजे रोज तिच्याशी खेळणारी. चंद्रीला डाव यावा म्हणून सुली पडायची. सकाळी पडायची, दुपारी पडायची, दिवेलागणीला पडायची.

गोदाक्कांनी चंद्रीला वसा दिला. "आखाड्यात उतरताना माती कपाळी लावावी. जिला चीत केलं तिला उठवावं, तिच्या पाठीची माती आपल्या हातानं झाडावी. माजू नको, विसरू नको, घेतला वसा टाकू नको."

चंद्रीनं वसा घेतला. श्रावणात राजानं मैदान भरवलं. चंद्री जिंकली. राजानं तिच्या हातात चांदीचं कडं घातलं. मग काय झालं? चंद्रीला चढलं. दुसऱ्या दिवशी तिनं सुलीला आपटलं आणि तशीच चालू लागली.

"चंद्रे, पाठ झाड की!"

"तुला हात नाहीत? राजाच्या कड्याला माती लागते."

सुली उठली, घरी गेली. दुसरी जोड आली, तीही तशीच गेली. तिसरी आली, तीही गेली. मग चंद्री एकटी उरली. खांबाला पेच घाली, खांब काही पडेना.

पुढचा श्रावण आला. मैदान भरलं. परगावच्या पोरीनं चंद्रीला चीत केलं, आणि नाचत निघून गेली. गोदाक्का म्हणाल्या, "पुढल्या श्रावणाला जोड घेऊन ये, नाहीतर येऊ नको. एकटीला आखाडा नाही."

चंद्रीनं हात मागे नेला. आपल्या पाठीला आपला हात पुरेना. तशीच निघाली. वाटेत कासारीण भेटली. "बाई, पाठ झाड." "माझ्या बांगड्या मळतील." पुढं माळीण भेटली. "माझी फुलं मळतील." पुढं राजाचा शिपाई भेटला. "पडलेल्याला हात लावायचा हुकूम नाही."

मग चंद्री सुलीच्या दारी आली. सुली भाकरी थापत होती.

"या राणीसरकार! वाट चुकलात?"

चंद्रीनं कडं काढून चुलीपाशी ठेवलं. "सुले, पाठ कर."

"माझी? अगं, माती तुझ्या पाठीला आहे."

"तुझी वर्षभर राहिलीय."

सुलीनं पाठ केली. चंद्रीनं हात फिरवला. तर धुतल्या चोळीवरून ओंजळभर तांबडी माती भुईवर पडली. सुली बघतच राहिली. "मेले, तरीच वर्षभर पाठ खाजत होती!" दोघी पोट धरधरून हसल्या. मग सुलीनं पिठाच्या हातानंच चंद्रीची पाठ झाडली.

तिसऱ्या श्रावणात चंद्री सुलीला घेऊन आली. माती कपाळी लावली. परगावच्या पोरीला चीत केलं, उठवलं, तिची पाठ झाडली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. राजा खूश झाला. "तालमीच्या दगडावर चंद्रीचं नाव कोरा!"

चंद्री म्हणाली, "महाराज, आधी सुलीचं. ती पडली म्हणून मी शिकले."

"पडणारीचं नाव कुणी कोरतं का?"

"मग कुणी कोरायचं?"

राजानं प्रधानाकडे पाहिलं, प्रधानानं पाथरवटाकडे पाहिलं, पाथरवटानं चंद्रीचं नाव कोरायला घेतलं. दोघी हसत तालमीत गेल्या, माती कालवायला लागल्या.

जशी माती त्यांना पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, पाठ झाडणारा हात घरोघर मिळो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली. संपूर्ण मात्र म्हणवत नाही. दगड अजून तिथंच आहे. त्यावर चंद्रीचं नाव आहे. सुलीचं नाही.