गढूळ बरणी

“पण मी मारलं कोणाला, बुवा? टाकीत फिनेलच ओतलं ना?”

विश्वंभरचा आवाज चढला होता. बारा वर्षं मठात काढलेला, दिवसातून तीनदा आंघोळ करणारा शिष्य. उद्या भिवाबुवांची शाल त्याच्या खांद्यावर पडायची होती, गादी त्याची व्हायची होती. पाहुण्यांना वास यायला नको, म्हणून त्यानं चार दिवसांपूर्वी मठाच्या सांडपाण्याच्या टाकीत फिनेलचे सहा कॅन रिकामे केले. वर ब्लीचिंग पावडरचं पोतं.

भिवाबुवा टाकीच्या कठड्यावर बसले होते. शेजारी लोणच्याची काचेची बरणी.

रोज सकाळी ते टाकीतलं पाणी या बरणीत भरून ठेवायचे. आरती संपेपर्यंत तपकिरी गाळ तळाशी बसायचा, वर पाणी नितळ. तसंच नितळ पाणी टाकीतून ओढ्याला जायचं. शिष्यांना वाटायचं, म्हाताऱ्याची काहीतरी पूजा असेल. विचारलं कोणी नाही. विचारायला मान खाली घालावी लागते.

बुवा पाच दिवस परगावी होते, पहाटेच परतले. आज आरती संपून तास झाला होता. बरणी गढूळच.

“बसेल की गाळ,” विश्वंभर म्हणाला.

“कोण बसवणार? त्या गाळात जीव होते. डोळ्यांना न दिसणारे. खालून यंत्रानं हवा सोडायची, त्यावर ते जगायचे. तुझी-माझी घाण खायचे. पोट भरलं की एकमेकांना धरून तळाशी बसायचे.”

“जंतू!” विश्वंभर हसला. “जंतू मारल्याचं पाप लागतं होय?”

बुवांनी ओढ्याकडे बोट केलं.

काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. खालच्या वाडीचं धुणं, भांडी, पिणं, सगळं या ओढ्यावर. वाडीतल्या झुंबरची चार वर्षांची पोर काल दवाखान्यात नेली होती, सलाइनवर होती. चार दिवस मठाची घाण जशीच्या तशी वाडीच्या घशात उतरत होती. सोवळ्यातल्या माणसाला आपलं आंघोळीचं पाणी पुढं कुठं जातं, ते ठाऊक नसतं.

विश्वंभरचं हसू गेलं.

“आता?”

“विरजण लागेल. तालुक्याच्या सांडपाण्याच्या टाकीतला जिवंत गाळ, दोन पिंपं.”

“माणूस पाठवतो.”

“तू जा. झाकण लावू नकोस, गुदमरतील. वाटभर ढवळत राहा.”

“कशानं?”

बुवांनी त्याच्या हातांकडे पाहिलं.

“आणि… उद्याचं?”

“मठाचे नळ बंद केलेत. चुली विझवल्यात. पाहुण्यांना निरोप गेलाय.”

विश्वंभर गेला.

हाच विश्वंभर रोज मठाच्या पंगतीत काठी घेऊन उभा राहायचा. शेवटचा माणूस जेवल्याशिवाय कोणी उठायचं नाही, वाढप्यानं हात धुवायचे नाहीत, हा मठाचा नियम. एकदा मध्येच उठलेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं चारचौघांत खडसावून परत पाटावर बसवलं होतं.

दुपार कलताना टेम्पो आला. मागं दोन पिंपांच्या मध्ये विश्वंभर उकिडवा बसलेला, एक हात या पिंपात, दुसरा त्या पिंपात. वीस मैल. पांढऱ्या उपरण्याची रया गेली होती.

तोवर शिष्यांनी मेलेली टाकी खड्ड्यात उपसून, ताजं पाणी भरून ठेवली होती. त्यानं स्वतः पिंपं रिती केली. बुवांनी यंत्र सुरू केलं. तळातून बुडबुडे आले. मठाच्या सांडपाण्याची सकाळी राखून ठेवलेली एक बादली बुवांनी वरून हळूच सोडली.

ओल्या मातीसारखा वास सुटला. हा वास विश्वंभरनं बारा वर्षं नाक दाबून टाळला होता.

“झुंबरची पोर कशी आहे?”

बुवांनी वाडीकडे मान वळवली.

वाडीकडून बायांचं रडणं येत होतं. आधी एकीचं, मग पुष्कळ जणींचं.

विश्वंभर उभाच राहिला. कोपरापर्यंत गाळ वाळून तडकला होता. त्यावर माश्या बसत होत्या. त्यानं त्या हाकलल्या नाहीत.

“बुवा… मी हात धुऊ का?”

बुवांनी बरणी विसळून कठड्यावर उपडी ठेवली, टाकीतल्या बुडबुड्यांकडे बोट केलं.

“पंगत आत्ता बसलीय.”