माती धरलेला वस्ताद

"मग माफी तरी मागा ना, वस्ताद! नाहीतर एकदा हाणा तरी त्या साहेबाला. हे अधलंमधलं काय मांडलंय तुम्ही?"

सर्जेरावाच्या आवाजानं भेटीच्या खोलीतला शिपाई दचकला. "ए पैलवान, हळू," म्हणाला आणि पुन्हा तंबाखू मळू लागला.

गजांपलीकडे राणोजी वस्ताद उभे होते. बेचाळीस साली कचेरीवर झेंडा लावला म्हणून धरून आणलेले. तुरुंगाच्या गोऱ्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, तोंडानं नुसतं 'चुकलो' म्हणा आणि घरी जा. वस्ताद म्हणत नव्हते. भांडतही नव्हते. दळण दिलं की दळायचे, कोंडलं की बसून राहायचे.

गावाला तेच कळेना. आणि गाव कुणाला सोडतंय? रोज पारावर कुणीतरी सर्जेरावाला गाठायचंच. "काय रे, तुझा वाघ जात्यावर बसला म्हणे? ओव्या येतात का त्याला?" तालमीतली पोरं एकेक करून गळाली. आज धड उत्तर मिळालं नाही, तर परत गेल्या गेल्या तालमीला कुलूप घालायचं, असं सर्जेरावानं ठरवूनच टाकलं होतं.

"तुझी काकी कशी आहे?" वस्तादांनी विचारलं.

"बरी आहे. पण विषय बदलू नका."

"बरं."

"एवढंच सांगा मला... तुम्ही हरलात का?"



वस्तादांनी डोक्यावरची कैद्याची टोपी काढून बाजूला ठेवली. गुडघे टेकले. आणि गजांच्या पलीकडे त्या गार फरशीवर सरळ पालथे पडले! कोपरं अंगाशी घट्ट, पाय फाकलेले, हनुवटी खाली. कुस्तीत खाली सापडलेला गडी माती धरून राहतो ना, अगदी तसे. पाठ तेवढी लागू द्यायची नाही, बाकी वरच्याला काय करायचं ते करू दे.

शिपाई फिदीफिदी हसला. "म्हातारा बिथरला वाटतं!"

सर्जेरावाची कानशिलं तापली. हसावं की पळून जावं, काही सुचेना.

"उठा, वस्ताद... लोक बघतायत."

"चीत कर मला."

"आं?"

"माझी पाठ लाव. आटप, भेटीची वेळ संपत आली."

सर्जेरावानं गजांतून हात घातला. दंडापर्यंत गेला, खांद्याशी अडकला. बोटं जेमतेम वस्तादांच्या सदऱ्याला शिवली. त्यानं दुसरा हात घातला. बाहेर ओढला. पुन्हा घातला. कपाळावर गजाचा वळ उठला, पण वस्ताद तसूभर हलले नाहीत.

"कसं करू?" तो रडकुंडीला आला. "मध्ये गज आहेत की, वस्ताद!"

फरशीवरून मान न उचलता वस्ताद म्हणाले,

"साहेबाचीपण तीच अडचण झालीय, लेका."