निळा जाळ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरावर झाडं होती, आणि ती संपतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

त्या डोंगराखालच्या गावात एक नवी सून आली. बोलायची कमी, बघायची जास्त. पहिल्याच सकाळी तिनं पाहिलं, की सासूबाई चूल फुंकतात आणि भाकरी चाचपडत उलटतात. धुरानं त्यांची नजर विझत चालली होती.

"आत्याबाई, माझ्या माहेरी धूर नसतो," सून म्हणाली. "शेण पाण्यात कालवून खड्ड्यात घालायचं, वर घट्ट झाकण. आत ते कुजतं, त्याची हवा नळीतून चुलीशी येते आणि पेटते. निळा जाळ. उरलेला राडा शेताला खत."

"शेणाची हवा पेटते? मग तुझ्या माहेरच्यांनी चुलीपाशी जपून बसावं गं!" सासूबाई हसल्या. हसता हसता खोकल्या. मग म्हणाल्या, "खण खड्डा. दिसतंय तोवर बघून घेईन."

खड्डा झाला, भरला, झाकला. पण एका दुष्काळात कुणीतरी जमिनीखालच्या पेवात धान्य लपवलं होतं, तेव्हापासून गावाचा नेम होता: झाकलेलं सगळं रोज संध्याकाळी पंचांसमोर उघडायचं.

"पाटील, महिनाभर उघडू नका. वारा लागला की आतलं काम मोडतं," सून म्हणाली.

"सूनबाई, चांगल्या कामाला कशाला हवा आडोसा?" पाटील म्हणाले. पंच रोज आले. नाक धरून झाकण उचललं, आत डोकावले, समाधानानं घरी गेले. नळीशी ठिणगी धरली, तर काहीच पेटत नसे.

मग पंच दूरच्या जत्रेला गेले. महिनाभर झाकणाला कुणी हात लावला नाही. ते परतले त्याच दिवशी नळीच्या तोंडाशी नखाएवढा निळा जाळ उभा राहिला.

"आत्याबाई, या लवकर!"

सासूबाई भिंत धरत निघाल्या. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून पंच आले, आणि जाळ येतो तरी कुठून हे बघायला त्यांनी थेट झाकणच उचललं.

सासूबाई पोचल्या तेव्हा जाळ विझला होता.

"आत तर शेणच आहे," पाटील म्हणाले. "बुजवा हे थोतांड."

खड्डा बुजला. चुलींसाठी डोंगर तुटत गेला. शेवटचं झाड पडलं त्या वर्षी सासूबाईंना दिसायचं पुरतं थांबलं होतं.

त्या रोज चुलीपाशी बसून विचारत, "आज जाळ निळा आहे का गं?"

"निळाच आहे, आत्याबाई," सून डोळे पुसत सांगे.

सासूबाई खोकत, आणि पुढं काही विचारत नसत.

बोध: धीरानं आत घडणारं काम जो रोज उघडून बघतो, तो स्वतःसोबत साऱ्या गावाला धुरात बसवतो.