विदरकोंबचा आडवा मनोरा

विदरकोंबच्या चर्चला मनोरा नाही. म्हणजे आहे, पण माणसाच्या खांद्याइतकाच. त्याच्या आडोशाला मेंढ्या रवंथ करत बसतात. इंग्लंडच्या त्या खेड्यात जुनी चर्चं बघत हिंडणारे पाहुणे येतात आणि मान वर करून शिखर शोधतात. मग समोरच्या घरातली हेस्टर म्हातारी, चर्चची किल्ली जिच्याकडं असते ती, म्हणते, "वर काय बघता? मनोरा तिकडं नदीवर आडवा निजलाय." आणि सगळ्यांना पुलाकडं नेते.

असं सांगतात, की पाच-सहाशे वर्षांमागं या गावात मॉडलिन नावाची विधवा सुईण होती. आसपासची सारी बाळं तिच्या हातावर आलेली. तिची थोरली लेक नदीपलीकडं दिली होती. तिचे दिवस भरले नेमके तेव्हाच पूर आला आणि ओलांडायची फळी वाहून गेली. मॉडलिन सकाळपासून अलीकडच्या काठावर उभी. लेकीच्या घराचा धूर दिसत होता, पण पाण्याच्या आवाजात हाक पोचेना. दिवस कलला तसा जावई पलीकडच्या काठावर आला. तो ओरडला नाही. त्यानं फक्त डोक्यावरची टोपी काढली, गेलेल्या माणसासाठी काढतात तशी.

तेव्हा गावात मनोऱ्याचं काम चाललं होतं. मॉडलिननं म्हणे नवस बोलला, की धाकट्या लेकीची, जोनची, वेळ येईल तेव्हा बाळंतपणातून सुखरूप सुटका होऊ दे, मनोऱ्याला रोज एक दगड वाहीन. तीन वर्षं तिनं खाणीतून पाठीवर दगड आणला. मनोरा छपराच्या वर गेला. जोनही पलीकडंच दिलेली. तिला दिवस गेले. महिने मोजले, तर बाळंतपण ऐन पुरात येत होतं.

दुसऱ्या दिवशी मॉडलिन रिकाम्या हातानं शिडी चढली. कालचाच, चुना ओला असलेला आपला दगड तिनं उचकटला आणि नदीची वाट धरली. पाद्रीबाबा धावत आले.

"अगं बाई, देवाला वाहिलेलं परत नेतेस?"

"परत कुठं? जागा बदलते."

"आणि नवस?"

"नवस लेकीचा होता, बाबा. उंचीचा नव्हता."

"मग घंटा कुठं टांगू मी?"

"माझ्या गळ्यात बांधा. पण आधी वाट सोडा."

परांचीवर बसलेला गवंडी हे ऐकत होता. त्याचीही बहीण पलीकडं दिलेली. तो खाली उतरला तो बगलेत दगड घेऊनच. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. उन्हाळाभर मनोरा उतरत गेला आणि पूल पुढं सरकत गेला. शेवटचा दगड बसला आणि आठवड्याच्या आत नदी चढली.

जोनला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हा पाणी कमानीला घासत होतं. मॉडलिन पुलावर गेली, मध्यावर थांबून तिनं एकदा खाली पाहिलं आणि पलीकडं उतरली. गाव काठावर जमून राहिलं. दिवस कलला तसा जोनचा नवरा येताना दिसला. सगळ्यांची नजर त्याच्या डोक्याकडं. टोपी डोक्यावरच होती. चांगली कानांपर्यंत ओढलेली.

आजही त्या पुलावर कुणी टोपी काढत नाही. चर्चमध्ये टोपी काढायची रीत आणि पायाखाली चर्चचेच दगड, तरीही नाही. अंत्ययात्रेतसुद्धा अलीकडच्या काठाशी टोप्या डोक्यावर चढतात आणि पूल ओलांडला की पुन्हा हातात येतात. एखादा पाहुणा उघड्या डोक्यानं निघाला, तर हेस्टर आपल्या पिशवीतून लोकरीची टोपी काढून त्याच्या हातात देते.

"घाला," ती म्हणते. "पलीकडं कुणी बघत असेल."